न आलेले अकरा

रशिदा शिकलगारची नजर इचलकरंजीत नावाजलेली होती. एका मोठ्या कारखान्यात मागावरून उतरलेलं कापड तपासायचं काम तिनं सव्वीस वर्षं केलं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि ती उभ्यानं बघायची: कुठं धागा तुटलाय, कुठं तेलाचा डाग पडलाय, कुठं वीण विरळ झालीय. बाकीच्या बाया दोनदा बघत, रशिदा एकदाच. तिनं पास केलेला तागा मालक पुन्हा उलगडत नसे. नवरा लवकर गेला. मुलीला, मेहकला, तिनं या नजरेच्या जोरावर शिकवलं आणि कोल्हापुरात सदर बाजारात दिलं.

पन्नाशी उलटली आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. दुखणं नाही, खुपणं नाही. डोळ्याच्या आतला दाब वाढत जातो, मागची नस हळूहळू मरत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही, एवढं तिला समजावून सांगण्यात आलं. थेंब सुरू झाले. उजव्या डोळ्याचा दाब आवाक्यात आला, डाव्याचा काही केल्या उतरेना. तेव्हा कुणीतरी कोल्हापूरच्या डॉ. विजयसिंहांचं नाव सांगितलं.

विजयसिंह डॉक्टर म्हणजे उंचपुरा, गोड बोलणारा माणूस. पेशंटला मावशी, काका म्हणायचा. काचबिंदूसाठी एक नवी नळी निघाली होती, स्टेंट म्हणत तिला. तांदळाच्या कणीहून बारीक. ती डोळ्यात बसवली की आतलं पाणी तिच्यातून वाट काढतं आणि दाब उतरतो. ती किती चालते, किती सुरक्षित आहे, याचा अभ्यास डॉक्टर चोवीस पेशंटांवर करत होते. रशिदाचा नंबर सतरावा. तिनं विचारलं होतं, यात धोका काय. डॉक्टर हसून म्हणाले होते, "मावशी, दहा मिनिटांचं काम आहे. धोका काही नाही." तिनं कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर महिनाभर दर सोमवारी चोवीस जण तपासणीला येत. बाकावर बसून एकमेकांची गावं, पोरंबाळं, दुखणी सगळी बोलून झाली. महिन्यानंतर ज्याला त्याला वेगवेगळी तारीख मिळाली. रशिदाचा दाब खरंच उतरला होता. पण तिसऱ्या महिन्यात डाव्या डोळ्यापुढं धुकं यायला लागलं. सकाळी जास्त, दुपारी कमी. डॉक्टर म्हणाले, बसेल हळूहळू. पुढच्या वेळी पण तेच. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी भरल्या खोलीत आवाज चढवला, की तुम्ही थेंब वेळेवर टाकत नाही आणि मग आमच्या नावानं ओरडता. घड्याळाचा गजर लावून थेंब टाकणारी बाई ती. मान खाली घालून बाहेर आली. त्यानंतर ती तीन वेळा एसटीनं कोल्हापूरला गेली आणि तिन्ही वेळा काउंटरवर कार्डावर शिक्का मारून, डॉक्टरांना आज वेळ नाही म्हणून तिला परत पाठवण्यात आलं.

वर्षभरात डावा डोळा दुधाळ झाला. उजव्यावर भागवत ती कामावर जात राहिली. एक दिवस तिनं पास केलेला अख्खा तागा व्यापाऱ्यानं परत पाठवला. हातभर लांब धागे तुटलेले होते आणि तिला ते दिसलेच नव्हते. मालक रागावला नाही. त्यानं तिच्यासाठी खुर्ची मागवली आणि म्हणाला, उद्यापासून बसून घड्या घाल. रशिदाला तो आरडाओरडा करता तर बरं वाटलं असतं. त्याच दिवशी तिनं काम सोडलं आणि मेहककडं राहायला आली.

मेहक एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिनं आईला डॉ. पूर्णिमांकडं नेलं. वयानं लहान, बोलायला रोखठोक. त्यांनी रशिदाची हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ बघितलं. मग सांगितलं की नळी पुढं सरकून बसली आहे. तिचं टोक डोळ्याच्या पुढच्या काचेला आतून टेकतं. ती काच स्वच्छ ठेवणाऱ्या पेशी त्या घासण्यानं मेल्या आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कुणाचा तरी मेल्यानंतरचा डोळा मिळाला तर ती काच बदलता येईल, पण नस आधीच अशक्त आहे, फार आशा धरू नका.

रशिदानं विचारलं, पहिल्यांदा धुकं आलं तेव्हाच नळी काढली असती तर?

पूर्णिमा म्हणाल्या, "वेळेत काढली असती, किंवा तिचं टोक कापलं असतं, तर डोळा कदाचित वाचला असता."

"मग नळीच वाईट म्हनायची का?"

"नळी वाईट नाही. बऱ्याच जणांचा दाब तिनं उतरतो, थेंब कमी होतात. पण ज्याला ती बसवली त्याला वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं. बसवली आणि सोडून दिली, असं चालत नाही."

घरी येताना रिक्षात रशिदाच्या डोक्यात तो ‘कदाचित’ शब्द घुसून बसला होता. नशिबानं डोळा गेला असता तर तिनं ते गिळलं असतं. तिचा डोळा एका माणसानं ऐकून न घेतल्यामुळं गेला होता. तिला त्याचं वाईट व्हायला हवं होतं. किती वाईट, ते तिचं ठरलं नव्हतं.

मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह आला. वर्तमानपत्रात बातमी होती, की स्टेंटच्या दोन वर्षांच्या अभ्यासाविषयी डॉ. विजयसिंह यांचं लोकांसाठी व्याख्यान. रशिदानं मेहकला सुट्टी काढायला लावली. दोघी मागच्या रांगेत बसल्या. डॉक्टरांनी पडद्यावर मोठमोठी चित्रं दाखवली आणि सांगितलं, की दोन वर्षं तपासणीला येत राहिलेल्या एकाही पेशंटला अपाय झालेला नाही. मग त्यांनी त्या पेशंटांना एकेक करून नावानं स्टेजवर बोलावलं, गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या पडल्या. रशिदा नावं मोजत होती. तेरा झाली आणि थांबली.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा ती उभी राहिली. बसवल्या चोवीस जणांना, मग अकरा कुठं गेले, असं तिनं विचारलं. एवढ्या लांबून डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही.

"ती मंडळी परत आलीच नाहीत, मावशी. आपल्याकडचे लोक कसे असतात, बरं वाटलं की डॉक्टरला विसरतात."

सभागृह हसलं. मेहकनं आईचा हात ओढला, पण रशिदा लगेच बसली नाही. ती उभ्या उभ्या त्या अकरा जणांची नावं आठवत होती. तेरा जण स्टेजवर होते, म्हणजे कोण उरलं ते तिला ठाऊक होतं. महिनाभर ती त्यांच्यासोबत एका बाकावर बसली होती, आणि एकदा बघितलेलं ती विसरत नसे. राधानगरीकडचा आकाराम, ज्याच्या पाच म्हशी. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा जोतीराम. इचलकरंजीचा मुनव्वर टेलर. कागलची चिमणाबाई. घरी गेल्या गेल्या तिनं मेहकला वही काढायला लावली आणि अकरा नावं, अकरा गावं सांगितली. अकरावं नाव तिचं स्वतःचं.

मेहक म्हणाली, वकील गाठू, तक्रार करू. रशिदा म्हणाली, करू. पण एकटी बाई तक्रार घेऊन गेली तर तिनं थेंब टाकले नाहीत एवढंच तो म्हणणार. दहा जण घेऊन गेले तर काय म्हणतो ते मला बघायचंय.

आधी ती रंकाळा स्टँडवरून राधानगरीच्या एसटीत बसली. आकाराम गोठ्यात धार काढत होता. तिचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली ती उजवीकडून पूर्ण फिरवून, आणि तेवढ्यावरून तिला कळलं की त्याचाही डोळा गेला. त्याची नळी दोन महिन्यांत आतून बंद पडली होती. दाब चढला, डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या. तो सहा वेळा कोल्हापूरला गेला होता.

"न्हाय आलो म्हनत्यात व्हय?" आकारामनं शांतपणे विचारलं. मग घरात जाऊन त्यानं तपासणीचं हिरवं कार्ड आणलं. त्यावर काउंटरचे सहा शिक्के होते, तारखेसकट. "भाभी, ह्या शिक्क्यांचं काय म्हननार त्यो?"

रशिदानं ते कार्ड उजव्या डोळ्याजवळ धरून नीट बघितलं. तिचंही कार्ड घरी होतं. आतापर्यंत तिच्याजवळ नुसता राग होता.

पुढचे चार महिने दोघं फिरले. आकाराम म्हशींचं उरकून सकाळी यायचा, मेहक रविवारी सोबत असायची. जोतीरामचा डोळा रशिदासारखाच पांढरा झाला होता आणि फाउंड्रीनं त्याला भट्टीवरून काढून गेटवर बसवलं होतं. मुनव्वरच्या डोळ्यात सूज येऊन त्यानं शेवटी मिरजेत जाऊन नळी काढून घेतली होती, नजर निम्मी उरली होती. दोघांकडंही शिक्क्यांची कार्डं. सिकंदर नावाचा ट्रक ड्रायव्हर ऑपरेशननंतर दोन महिन्यांत हृदयविकारानं गेला होता, त्याच्या डोळ्याचं काय झालं असतं ते कुणाला कळणार नव्हतं. प्रत्येक घरातून बाहेर पडताना रशिदाला एक प्रकारचं बळ चढायचं. दुसऱ्याचा गेलेला डोळा बघून आपल्याला बरं वाटतंय, हे तिला जाणवायचं आणि त्याची लाज वाटायची नाही.

मग ती कागलला चिमणाबाईकडं गेली. चिमणाबाई सोप्यात बसून सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच झटक्यात ओवला. तीन थेंबांवरून एकावर आली होती, डोळा साफ होता. बरं वाटत होतं म्हणून आणि जावयाला सारखी सुट्टी मिळत नाही म्हणून ती तपासणीला गेली नव्हती. विजयसिंह डॉक्टरांचं नाव काढताच तिनं हात जोडले. देवमाणूस, म्हणाली. रशिदानं तिच्याकडचा चहा कसाबसा घेतला.

पुढचे पाच जणही तसेच निघाले. एकाला गारगोटीत गाठलं, एक मुलाकडं पुण्याला गेला होता, त्याच्याशी फोनवर बोलणं झालं. सगळ्यांचं ठीक होतं. बरं वाटलं की डॉक्टरला विसरतात, हे त्या सहा जणांच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. रशिदाला त्यांचा असा संताप आला, जणू त्यांनी मुद्दाम बरं होऊन तिच्याशी दगा केला होता.

कावळा नाक्यावर एका हॉटेलात ती आणि आकाराम वही घेऊन बसले. आकारामचं म्हणणं सरळ होतं. ज्यांचे डोळे गेले ते चौघं पुढं करायचे, बाकीच्या सहा जणांचं नाव काढायचं नाही. त्यांना त्या डॉक्टरविषयी काही तक्रारच नाही, मग त्यांना आणून त्याची पूजा मांडायची का?

रशिदालाही मनातून तेच हवं होतं. ती दोन दिवस तेच ठरवून बसली होती. पण तिनं आयुष्यभर कापड तपासलं होतं, आणि जिथं दोष नाही तिथं खडूची खूण केली की व्यापारी उरलेल्या खऱ्या खुणाही मानत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"न्हाय, दादा. एक जरी लपिवला तरी त्यो सुटला," ती म्हणाली. "उद्या त्यो सवताच त्या चिमणाबाईला आनून हुबं करंल, आनि म्हनंल ही बाई खोटारडी हाय. मला त्याला असं धरायचंय की त्याला हलताच येऊ नये. दहाच्या दहा न्यायचे."

"आनि त्या सहांनी त्येची तारीफ केली तर?"

"करू द्या की. त्या तारिफीनं गेलेले चार डोळे पुसले जानार हाईत व्हय?"

सहीच्या कागदाची प्रत मेहकनं जपून ठेवली होती. अशा अभ्यासावर लक्ष ठेवायला एक समिती असते आणि तिचा फोन त्या कागदावर छापलेला होता. मेहकनं अर्ज लिहिला, सगळ्या कार्डांच्या झेरॉक्स जोडल्या. ऑगस्टमध्ये समितीनं सगळ्यांना बोलावलं. अध्यक्ष होते गणपतराव म्हणून एक निवृत्त प्राध्यापक, ऐकायला थोडे कमी, पण वाचायला पक्के. दहा जण व्हरांड्यात ओळीनं बसले. पुण्याचा मुलगा बापाला घेऊन आला होता. चिमणाबाई जावयाला घेऊन आली होती आणि डॉक्टर दिसले की पाया पडायचं म्हणत होती.

आत विजयसिंह डॉक्टरांनी तेच सांगितलं, ही मंडळी तपासणीला आली नाहीत. गणपतरावांनी त्यांच्या फायली मागवल्या आणि कार्डं शेजारी ठेवून तारखा वाचायला लागले. रशिदाच्या फायलीत एका तारखेला लिहिलं होतं, रुग्ण अनुपस्थित. कार्डावर त्याच तारखेचा शिक्का. दुसरी तारीख, तिसरी, तसंच. आकारामच्या सहा तारखा. जोतीरामच्या तीन. मुनव्वरच्या दोन. गणपतराव प्रत्येक तारीख मोठ्यानं वाचून चष्म्यावरून डॉक्टरांकडं बघत. डॉक्टर आधी म्हणाले, काउंटरची चूक. मग म्हणाले, कामाचा ताण. रशिदा त्यांच्या आवाजावर कान लावून बसली होती. गोडवा कधी संपला तो क्षण तिनं बरोबर पकडला.

समितीनं ठरवलं, की दहाही जणांना डॉ. पूर्णिमांनी तपासावं, गणपतराव आणि विजयसिंह यांच्या समोर. तेव्हा रशिदानं हात वर केला.

"माझी एक अट हाय. माझा डोळा आधी ह्यांनी बघायचा. काय दिसतं ते ह्यांनी मोठ्यानं सांगायचं आनि पूर्णिमा मॅडमनी लिवून घ्यायचं."

याची काही गरज नाही, असं विजयसिंह म्हणाले. गणपतरावांनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाले, तशी हरकतही काही नाही.

रविवारी सकाळी पूर्णिमांच्या दवाखान्यात रशिदानं यंत्रावर हनुवटी टेकवली. पलीकडं विजयसिंह बसले. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभराचं अंतर. उजव्या डोळ्यानं तिला त्यांचं कपाळ दिसत होतं, त्यावरचा घाम दिसत होता. डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडाची बारीक पट्टी डाव्या डोळ्यावर आणली आणि नुसतं बघत राहिले.

"सांगा की," रशिदा म्हणाली.

"पुढची काच गढूळ आहे. सूज आहे."

"का हाय?"

पूर्णिमांचं पेन थांबलेलं होतं.

"नळीचं टोक काचेला टेकलंय."

"कवापासनं?"

"ते आता सांगता येणार नाही."

"मी सांगते. तिसऱ्या म्हयन्यापासनं. मी तुमच्याकडं आल्ते, तुमी मला धा मान्सांत थेंबावरनं बोलला. त्या दिवशी ह्या यंत्रातनं बघितलं असतं तर दिसलं असतं का न्हाय?"

विजयसिंहांनी डोळा यंत्रावरून काढला. "दिसलं असतं," ते म्हणाले.

"लिवा मॅडम," रशिदा म्हणाली, आणि तिनं हनुवटी मुद्दाम आणखी थोडा वेळ तिथंच ठेवली, म्हणजे त्या माणसाला उठता येऊ नये.

महिन्याभरात निकाल आला. चोवीसपैकी एकोणीस ठीक, चौघांना गंभीर इजा, एकाचं माहीत नाही, असं समितीनं लिहिलं. अभ्यास बंद झाला. जिथं जिथं डॉक्टरांनी तो मांडला होता तिथं तिथं त्यांना पत्र लिहून तो चुकीचा असल्याचं कळवावं लागलं. नळी बनवणाऱ्या कंपनीनं त्यांना इतर डॉक्टरांना शिकवायच्या कामावरून काढलं. खोट्या नोंदींची तक्रार मेडिकल कौन्सिलकडं गेली, ती अजून चालू आहे. दवाखान्यात गर्दी निम्मी झाली, पण बंद पडला नाही. रशिदाला बंद पडायला हवा होता.

डॉक्टरांनी मेहकमार्फत निरोप पाठवला, की मला येऊन माफी मागायची आहे. रशिदानं कळवलं, की आधी राधानगरीला आकारामच्या गोठ्यात जा, मग शिरोलीला फाउंड्रीच्या गेटवर, मग इचलकरंजीला मुनव्वरच्या मशीनपाशी. मग माझ्याकडं या. ते तिन्ही ठिकाणी गेले. आकाराम सांगत होता, की माणूस शेणात उभा राहून रडला. सदर बाजारात आले तेव्हा रशिदानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, माफ केलेलं नाही. ते गेल्यावर तिनं व्यवस्थित जेवण केलं आणि दुपारी छान झोपली. मेहकला मात्र ते पटलं नाही. तिला एवढंच वाटत होतं, की माणूस स्वतः दारात आला होता.

पूर्णिमांच्या तपासणीत एक वेगळीच गोष्ट निघाली होती. चिमणाबाईला काही त्रास नव्हता, पण तिचीही नळी किंचित पुढं आली होती आणि काचेच्या पेशी कमी व्हायला लागल्या होत्या. आणखी दोनेक वर्षं अशीच काढली असती तर तीही रशिदाच्या वाटेनं गेली असती. पूर्णिमांनी नळीचं टोक कापून दिलं. डोळा वाचला.

दिवाळीनंतर एक दिवस सकाळी चिमणाबाईचा फोन आला. डोळा साफ आहे, कालच सगळ्या करंज्यांची कड स्वतः कातली, असं भरभरून सांगत होती. मग म्हणाली, विजयसिंह डॉक्टरांचाच आशीर्वाद, त्यांनीच नळी बसवली म्हणून नजर राहिली.

रशिदाची कानशिलं तापली. तो माणूस तुला दोन वर्षं मोजतसुद्धा नव्हता, मी एसटीचे धक्के खात तुझ्या दारात आले म्हणून तुझा डोळा राहिला, हे सगळं तिच्या जिभेवर आलं. स्वयंपाकघरातून मेहक बघत होती. चिमणाबाई पलीकडून हॅलो हॅलो करायला लागली.

"पुढची तपासनी कवा हाय?" रशिदानं विचारलं.

चिमणाबाईला नक्की आठवत नव्हतं. जावयाला विचारावं लागेल, म्हणाली, आणि त्याला सुट्टी मिळाली तरच जमेल.

"जावायाचं ऱ्हाऊ द्या. तुमी कागलातनं एसटीत बसा, मी स्टँडवर हुबी ऱ्हाते," रशिदा म्हणाली आणि तारीख विचारून घ्यायला मेहकला पूर्णिमांच्या दवाखान्यात फोन लावायला सांगितला.